चराईवरची शेळी दूध देते किती? पाला, कुरण आणि करडांचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर : कन्नड-सोयगावच्या डोंगरपट्ट्यापासून पैठण-गंगापूरच्या काळ्या रानापर्यंत दोन-चार शेळ्या नसलेली वस्ती सापडणं अवघड. बहुतेक शेळ्या गायरानात, बांधावर, पडीक रानात चरून जगतात. अशी शेळी दूध किती देते, ते कशामुळं वाढतं आणि त्यातलं काढावं किती, याची ही माहिती.

आपली जात कोणती?

मराठवाड्याची मूळ जात म्हणजे उस्मानाबादी. रंगानं बहुतेक काळी, उंच पायाची, उन्हातान्हात टिकणारी. जुळी करडं देण्यात ही शेळी चांगली. पण ती मुख्यतः मांसासाठी पाळतात, दूध हा जोडलाभ. चांगल्या खुराकावर ती दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते. नुसत्या चराईवर अर्ध्या लिटरच्या आसपासच धरावं. व्याल्यापासून साधारण चार महिने दूध चालतं. नगर-नाशिककडची संगमनेरी जातही मांस आणि दूध दोन्हीसाठी पाळली जाते.

दूध कमी का पडतं?

३० किलोच्या दुभत्या शेळीला वजनाच्या ४ ते ५ टक्के, म्हणजे रोज १.२ ते १.५ किलो कोरडा आहार लागतो. त्यासाठी तीन-चार किलो हिरवा चारा आणि अर्धा किलो वाळला चारा तरी पोटात जायला हवा. पावसाळ्यात हे रानात मिळतं. होळीनंतर गवत वाळतं, शेळी दिवसभर हिंडते, आणि खाल्लेलं बरंचसं चालण्यातच खर्च होतं.

दुसरं कारण प्रथिनांचं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. सुबाभूळ, शेवरीच्या पाल्यात ती वाळल्या वजनावर २० टक्क्यांच्या आसपास भरतात. म्हणून पोट भरलेलं दिसलं तरी नुसत्या कडब्यावर दूध आटतं.

झाड आणि गवत एकाच रानात

शेळी गायीसारखी खाली मान घालून चरत नाही. ती मागच्या पायावर उभी राहून पाला ओरबाडते. म्हणून वर चाऱ्याची झाडं आणि खाली गवत, अशी वन-कुरण पद्धत तिला मानवते. ब्राझीलच्या कोरडवाहू ईशान्य भागात काटेरी झुडपी रान विरळ करतात, कामाची झाडं ठेवतात, काही बुंध्यापासून छाटून नवा फुटवा घेतात आणि त्यावर शेळ्या चारतात.

आपल्याकडं बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा, शेवगा लावता येतो. बोर, बाभूळ आधीच असतात. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा मोठा आधार देतात. मोकळ्या जागेत मारवेल, अंजन गवत आणि स्टायलो टाकता येतं. रोपं वर्षभर तरी शेळ्यांपासून राखावी लागतात. नंतर कमरेच्या उंचीवर छाटत राहिलं की फुटवा येत राहतो.

एक सांभाळायचं : सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त सुबाभूळ देऊ नये, केस गळतात. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारीही शेळीच्या तोंडी लागू देऊ नये. तिच्या विषबाधेनं जनावर तासाभरात दगावू शकतं.

करडांचं आधी

खरा हिशेब इथं चुकतो. जन्मलेलं करडू दोन-अडीच किलोचं असतं. त्याला रोज वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध लागतं. जुळी असली तर दोघांचं मिळून जवळपास अर्धा लिटर झालं. म्हणजे नुसत्या चराईवरच्या शेळीचं सगळं दूध सुरुवातीला करडांनाच पुरतं. तेव्हा चहापुरतं म्हणून तांब्याभर काढलं तर ते करडांच्या तोंडचंच जातं. करडं अशक्त होतात, पहिल्या झडीत मरतात. दुधाचे चार पैसे मिळतात आणि हजारोंचा बोकड जातो.

जन्मल्यावर तासाभराच्या आत चीक पाजावा. करडं पाला कुरतडायला लागली, की मग उरलेलं दूध घरात घ्यावं. घरात दूध हवंच असेल, तर शेळीला रोज २०० ते ३०० ग्रॅम भरडा-पेंडीचा खुराक द्यावा.

वेत कधी धरावं?

शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. ज्येष्ठात फळलेली शेळी कार्तिकात विते, तेव्हा रानात पाला असतो. अश्विनात फळलेली फाल्गुनात विते आणि तिचं दूध ऐन उन्हाळ्यात येतं. अशा शेळीसाठी बांधावरचा झाडपाला राखून ठेवावा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी.

माहिती कुठं मिळेल?

शहराजवळ पडेगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. लसीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, तर चाऱ्याच्या बियाण्याची चौकशी कृषी विज्ञान केंद्रात करावी. झाडं लावायची तर पहिल्या पावसातच लावावीत. त्यांचा पाला पुढच्या उन्हाळ्यापासून हाताशी येऊ लागतो.