शिरेतून जेवण

आपलं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. पीळ पडून, रक्तपुरवठा तुटून, क्रोन्ससारख्या आजारात पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया होऊन त्यातलं बरंचसं काढावं लागलं आणि दोन मीटरपेक्षा कमी उरलं, की खाल्लेलं अंगी लागेनासं होतं. काही बाळं जन्मतःच इतकं तोकडं आतडं घेऊन येतात. याला शॉर्ट बॉवेल सिंड्रोम म्हणतात. समोर भरलेलं ताट असतं, भूकही असते, तरी माणूस उपाशी राहतो.

पोटातून जात नसेल तर थेट रक्तात अन्न सोडावं, ही कल्पना जुनीच. अडत होतं ते गणितात. हाताच्या शिरेला सोसेल असं ५ टक्के ग्लुकोज लिटरमागे २०० कॅलरीसुद्धा देत नाही. दिवसाच्या २००० कॅलरी भरायच्या तर दहा लिटरहून जास्त पाणी चढवावं लागेल. द्रावण घट्ट करावं, तर बारीक शीर सुजून बंद पडते.

हा पेच फिलाडेल्फियात सुटला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले तरुण सर्जन स्टॅनली डड्रिक यांनी त्यांचे वरिष्ठ जोनाथन ऱ्होड्स यांच्या मार्गदर्शनाखाली नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नेली. तिथे रक्ताचा प्रवाह इतका जोरात असतो, की घट्ट द्रावण क्षणात पातळ होतं. आधी बीगल जातीची पिल्लं फक्त शिरेतून वाढवली. ती तोंडाने खाणाऱ्या भावंडांइतकीच वाढली. मग १९६७मध्ये तिथल्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या एका नवजात मुलीवर हा उपाय झाला. तिचं जवळजवळ सगळंच लहान आतडं निकामी होतं. तिचं वजन वाढलं, उंची वाढली, डोक्याचा घेर वाढला. सुमारे २२ महिने ती अशी जगली. ती वाचली नाही, पण तिच्यानंतर हजारो वाचले.

पुढचा प्रश्न होता, आयुष्यभर हॉस्पिटलातच राहायचं का? डायलिसिस सुकर करणारे सिअ‍ॅटलचे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९७०च्या सुमारास 'कृत्रिम आतडं' घरी नेलं. रात्री झोपताना पिशवी जोडायची, सकाळी काढून कामाला जायचं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. जुन्या सिस्टीममधला एखादा भाग काढला, की तो गुपचूप काय काय करत होता हे एकेक करून कळत जातं. इथेही तसंच झालं. टोरोंटोत शिरेतून जगणाऱ्या एका बाईंचं वजन काही वर्षांनी घटू लागलं, साखर बिघडली, नसा दुखावल्या. १९७७मध्ये खुर्शीद जीजीभॉय आणि सहकाऱ्यांनी कारण मांडलं: क्रोमियमची कमतरता. द्रावणात अगदी किंचित क्रोमियम घातलं आणि त्या सावरल्या. शिवाय नळीतून जंतुसंसर्ग होई, यकृत बिघडे. शीर म्हणजे आतडं नव्हे, हे पटत गेलं.

मग लक्ष उरलेल्या आतड्याकडे वळलं. ते हळूहळू रुंदावतं, त्यातले शोषणारे उंचवटे वाढतात. पण त्यासाठी आत अन्न पडावं लागतं. म्हणून जमेल तसं थोडंथोडं तोंडाने खायला देणं हाही उपचारच ठरला. ही वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेलं टेडुग्लुटाइड २०१२मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते फार महाग आहे.

स्वस्त धडा मात्र आपल्या बाजूचा आहे. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. ग्लुकोज सोबत असलं की आतडं मीठ ओढून घेतं आणि मिठामागे पाणी येतं. हेच तत्त्व इथेही लागू पडतं. मोठं आतडंही गेलेलं आणि पोटावर पिशवी असलेला रुग्ण तहान लागली म्हणून घटाघटा साधं पाणी प्याला, तर उरलेलं आतडं उलट मीठ बाहेर टाकतं. पिशवी भरते, तहान वाढते. त्याला साधं पाणी मोजकंच आणि जास्त मिठाचं ओआरएस घोटाघोटाने द्यावं लागतं. प्रमाण डॉक्टर ठरवतात.

आज उपचाराचं यश मोजताना एक प्रश्न हमखास विचारतात: आठवड्यातल्या किती रात्री पिशवीविना गेल्या? घरी शिरेतून पोषण घेणं भारतात अजून मोजक्यांच्याच आवाक्यात आहे. बाकीच्यांसाठी उरलेल्या आतड्याचा प्रत्येक सेंटीमीटर आणि मीठ-साखरेचं ते पाणी हीच खरी शिदोरी आहे.