बहार आणि भाव

पांढुर्णा-सौसरच्या संत्रा बागाईतदाराला झाडावरचा बहार आणि हाती येणारा पैसा यांतील अंतर निराळे सांगावे लागत नाही. आहार-व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपांच्या बाजारातही हेच घडले. अमेरिकेतील ‘अंडर आर्मर’ या क्रीडावस्त्रांच्या कंपनीने २०१५ साली ‘मायफिटनेसपॅल’ ४७.५ कोटी डॉलरना घेतले. तेव्हा त्याचे नोंदणीकृत सभासद ८ कोटी होते. २०२० पर्यंत ते २० कोटींवर गेले. आणि त्याच वर्षी विक्रीचा भाव ठरला ३४.५ कोटी! फुकट नोंद ठेवणारे उदंड, वर्गणीदार थोडे. जोडीला ८.५ कोटींना घेतलेले ‘एन्डोमोन्डो’ तर २०२० अखेर बंदच झाले. वर्षानुवर्षे धावणाऱ्यांना आपापल्या नोंदी उतरवून घेण्याची तेवढी मुभा मिळाली.