पोष ग्रंथीची न ऐकलेली हांक

नाशिक काय किंवा मुंबई काय, शाळेंतील मुलें उंचीप्रमाणें उभीं केलीं कीं एखादें मूल वर्षानुवर्षें रांगेंत पहिलेंच राहतें. घरचीं माणसें कुळाकडे बोट दाखवितात किंवा आहाराची हेळसांड झाली असें मानतात. पुष्कळदां त्यांचा तर्क खराहि ठरतो. पण कांहीं थोड्या कुटुंबांत कारण अगदींच निराळें निघालें, आणि तें उमगण्यास एका उंदराचें साहाय्य झालें.

वृद्धि-हॉर्मोन निर्माण करणारी पोष ग्रंथि मेंदूखालीं असते, आकारानें वाटाण्याएवढी. तिला ग्रंथींची स्वामिनी म्हणण्याची चाल आहे, पण ही स्वामिनी दुसऱ्याच्या हुकमांत वागते. वरच्या अधश्चेतकाकडून एक प्रेरक द्रव्य येतें. तें प्रथम हातीं लागलें १९८२ सालीं, आणि तेंहि मेंदूंत नव्हे, तर स्वादुपिंडाच्या अर्बुदांत! हें द्रव्य पेशीवरील ग्राहकास चिकटलें कीं आंत सूचना पोंचते, आणि १९८८ मध्यें उजेडांत आलेल्या पिट्-१ या प्रथिनाच्या मदतीनें वृद्धि-हॉर्मोनाचें जनुक कामास लागतें.

अमेरिकेंत १९७६ सालीं ‘लिटल’ नांवाच्या खुज्या उंदरांचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्यांचा दोष हॉर्मोनाच्या जनुकांत नसून या ग्राहकांत आहे, हें १९९३ मध्यें सिद्ध झालें. मग माणसांत शोध सुरू झाला. १९९६ सालीं रक्तसंबंधांत विवाह झालेल्या एका भारतीय कुटुंबांतील दोघां खुज्या व्यक्तींच्या ग्राहक-जनुकांत, ७२ व्या स्थानीं, अकाली पूर्णविराम पडलेला आढळला. हॉर्मोनाचें जनुक शाबूत होतें; त्याला हांकच पोंचत नव्हती. १९९८ मध्यें सिंध प्रांतांतील १८ खुज्या माणसांत हाच दोष सांपडला. त्यांतील प्रौढ पुरुषांची सरासरी उंची अवघी १३० सेंटिमीटर होती. बांधा मात्र प्रमाणबद्ध. मुंबईच्या डॉ. मीना देसाई व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं पश्चिम भारतांतील अशा मुलांच्या ग्राहक-जनुकाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

ग्राहक दुरुस्त करतां येत नाहीं. पण जें हॉर्मोन ग्रंथि देत नाहीं तें बाहेरून देतां येतें. पूर्वीं तें मृतांच्या पोष ग्रंथींतून काढीत, म्हणून अत्यंत दुर्मिळ होतें. १९८५ पासून जंतूंकरवीं बनविलेलें हॉर्मोन मिळूं लागलें. तें टोंचून घ्यावें लागतें, महाग पडतें, आणि उंची वाढावी तर हाडांचीं टोकें सांधलीं जाण्यापूर्वींच सुरू करावें लागतें. रांगेंतल्या त्या पहिल्या मुलाला वैद्याकडे नेण्याची घाई म्हणूनच हवी. कुळावर भार टाकून बसण्यांत हींच वर्षें निघून जातात.