पेटी, रेडिओ आणि चांगले वळण

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की दोन विषय हमखास निघतात. हल्लीची मुले बिघडत चालली, हा पहिला. आणि कशामुळे बिघडली, हा दुसरा. आमच्या संग्रामपुरातही ओट्यावर बसून असे निकाल लागतच असतात. निकाल देणाऱ्याला समाधान मिळते आणि आरोपीला शिक्षा होत नाही. म्हणून मला ते मनापासून आवडतात! परंतु ओट्यावरचे मत सरकारी हुकूम झाले म्हणजे काय होते, हे आपल्या नभोवाणीच्या इतिहासात पाहावे.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले. पेटी परदेशी, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, असा आक्षेप होता. शास्त्रदृष्ट्या तो अगदीच पोकळ नव्हता. पण आमच्या वऱ्हाडात देवळातले भजन पेटीवाचून रंगत नाही. जी पेटी विठ्ठलाला चालते, ती नभोवाणीला चालेना! ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले.

मधल्या काळात, १९५२ मध्ये, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. गृहस्थ आपल्यातलेच, विद्वान आणि संगीताचे खरे प्रेमी. संस्थाने गेल्यावर गवयांचा आश्रय तुटला होता. केसकरांनी त्यांना नभोवाणीवर मानाची जागा दिली. हे ऋण विसरून चालणार नाही. मात्र सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. त्यांनी ती कमी केली, निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ बंदच पडली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवून कोलंबो लावले! रेडिओ सिलोनवर त्याच वर्षी एका टूथपेस्टच्या नावाने ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी घराघरांत पोचले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढून तीच गाणी घरी परत आणावी लागली.

ह्यातली खरी गंमत पुण्याला घडली. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ झाले. गीते छप्पन्न. ऐकताना घरोघर हात जोडले गेले. ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर आणि स्वरबद्ध करणारे सुधीर फडके दोघेही सिनेमातले नामवंत! माडगूळकरांनी १९४७ च्या ‘रामजोशी’ चित्रपटासाठी लेखणी चालवली होती, तो तर तमाशातल्या शाहिराचाच. लावणीच्या अंगणात वावरलेली लेखणी रामाच्या दारी गेली, म्हणून राम काही बाटला नाही.

मुलांना काय ऐकवावे ह्याविषयी वडीलधाऱ्यांना मत असावे, ते बोलूनही दाखवावे. तेवढी काळजी नसेल तर घर ते कसले? पण आपली अभिरुची हीच नीती, असे म्हणू लागलो की आपण दुसऱ्याच्या आनंदाचा अपमान करतो. केसकरांनी उत्तम गाणे लोकांपर्यंत नेले, तेथे ते जिंकले. दुसरे गाणे काढून घेतले, तेथे हरले. एकाच माणसाच्या हातून दोन्ही घडले, म्हणून हा धडा मला मोलाचा वाटतो.

आता काटा फिरवायचा रेडिओ गेला, मोबाइल आला. निकाल मात्र तेच आहेत. तेव्हा यंदा नातवाच्या हातचा मोबाइल ओढून घेण्यापूर्वी, तो काय ऐकतो ते एकदा शेजारी बसून ऐकावे. मग आपले एक गाणे त्याला ऐकवावे. चकली दोघांनी वाटून खावी.