शब्दवेध : खालसा

पनवेलजवळच्या कळंबोलीत लोखंड बाजाराभोवती मालवाहतुकीच्या धंद्यात शीख कुटुंबं स्थिरावली आहेत. त्यांचा ‘खालसा’ अभिमानाचा; मराठीतला मात्र जप्तीचा. संस्थान खालसा झालं, इनाम खालसा झालं.

मूळ एकच. अरबी ‘खालिस’ म्हणजे निर्भेळ. मुघल कारभारात ‘खालिसा’ म्हणजे जहागीरदाराविना थेट बादशाही खजिन्याची जमीन. १६९९ मध्ये आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापला. मसंद हे मध्यस्थ हटले, शीख थेट गुरूचा झाला. १७०८ मध्ये नांदेडला त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाला दिलं. त्यात आपल्या नामदेवांचीही पदं आहेत.

मराठीने महसुली अर्थ जपला. म्हणूनच, इंग्रजांनी १८४९ मध्ये खालशाचं राज्य खालसा केलं, असं आपण लिहू शकतो. एकाच वाक्यात शब्दाची दोन्ही आयुष्यं!

हा शब्द आता परदेशातही पोहोचला आहे. २०१७ मध्ये पगडीधारी शीख जगमीतसिंग कॅनडातल्या एका राष्ट्रीय पक्षाचे नेते झाले. तरीही परक्या मुलखात पगडीकडे पाहून अनेकदा विचारलं जातं : तुमची निष्ठा कुणाशी? खालसा हे नातं गुरूशी आहे. नागरिकत्वाच्या ते आड येत नाही. कळंबोलीतल्या आपल्या शेजाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारलाच, तर उत्तर आपणही द्यावं.