ऑकम भाषेचा उदय आणि अस्त

अनेक संगणक एकत्र जोडून एकच प्रश्न सोडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांनी लिहिला जातो. त्या यंत्रांस आज्ञा कोणत्या भाषेत द्यावयाच्या, हा प्रश्न मागे पडतो. ऑकम भाषेची हकीकत या दृष्टीने मननीय आहे.

निरोपांची देवघेव हीच आज्ञावलीची मूलभूत क्रिया मानावी, असे टोनी होअर यांनी १९७८ साली प्रतिपादन केले. त्याच विचारावर ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीत डेव्हिड मे यांनी १९८३ मध्ये ही भाषा रचली. काटकसरी तर्काचा पुरस्कर्ता असलेल्या चौदाव्या शतकातील ऑकमच्या विल्यमचे नाव तिला दिले, ते योग्यच होते. १९८५ मध्ये आलेला 'ट्रान्सप्युटर' तिला अनुरूप असाच होता. एकाच चकतीवर प्रक्रियक, स्मृती आणि शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे त्यात होते.

ऑकममध्ये घेणारा सिद्ध होईपर्यंत देणाऱ्यास थांबावे लागते. निरोप मध्ये ठेवावयास जागाच नाही. समजा, एका पत्र्यावरील उष्णतेचे गणित करावयाचे आहे. पत्र्याचे पट्टे पाडून प्रत्येक प्रक्रियकास एकेक दिला, तर कडेच्या संख्या शेजाऱ्यांनी परस्परांस कळवाव्या लागतात. दोघांनीही 'आधी देईन, मग घेईन' असे ठरविले की दोघेही कायमचे खोळंबतात. देणे व घेणे एकाच वेळी चालावे, असे ऑकममध्ये एका शब्दात सांगता येत असे. पण ते सांगण्याची आठवण लेखकालाच ठेवावी लागे.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर तिने १९९१ मध्ये सिद्ध केलेला 'परम ८०००' हा महासंगणक ट्रान्सप्युटरांचाच होता. तथापि शास्त्रज्ञांचे वर्षानुवर्षांचे काम फोरट्रानमध्ये होते, आणि ते टाकून नवी भाषा शिकण्यास जगात फारसे कोणी राजी नव्हते. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. इन्मॉस १९८९ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली; पुढचा ट्रान्सप्युटर रेंगाळला. यंत्राबरोबर भाषाही मावळली.

१९९४ मध्ये एम.पी.आय. ही निरोपांची प्रमाणसंहिता आली. ती फोरट्रान व सी या भाषांतूनच वापरता येत असल्याने सर्वत्र रुजली. तिच्यात मात्र लहान निरोप यंत्रणा स्वतःच साठवून ठेवू शकते. त्यामुळे वरील चूक लहान पत्र्यावर झाकली जाते आणि मोठ्या पत्र्यावर अवचित उघडी पडते. ऑकममध्ये ती पहिल्याच फेरीत दिसली असती. याच अडचणीसाठी त्या संहितेत देणे व घेणे एकत्र करणारी स्वतंत्र आज्ञा ठेवावी लागली.