छत्रीची उडी आणि मराठी मुलूख

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारें तीस किलोमीटरांवर, शिरूर तालुक्यांतील सणसवाडी हें गांव आहे. भीमाकांठचें कोरेगांव येथून जवळच. त्यामुळें इतिहासाच्या अभ्यासकाला ह्या टापूंत १८१८ च्या लढाईची, आणि वढू येथील छत्रपति संभाजीमहाराजांच्या समाधीची आठवण प्रथम होते. पूर्वीं ज्वारी-बाजरीचें असलेलें हें शिवार आतां कारखान्यांचें झालें आहे, आणि लोहगांवच्या धांवपट्टीकडे उतरणारीं विमानें येथील मुलांच्या नित्य परिचयाचीं झालीं आहेत. विमानांत बसून परमुलखीं जाऊन आलेला मनुष्य आतां अशा गांवांतहि सहज सांपडेल. परंतु धडधाकट विमानाचें दार उघडून, कसलीहि आपत्ति आलेली नसतां, केवळ आनंदासाठीं बाहेर उडी टाकणारा मनुष्य म्हटला कीं ऐकणारा अजूनहि दचकतो. हे भरल्या पोटाचे चाळे होत, असा शेरा वडीलधारे देतात. हा शेरा सर्वस्वीं खोटा नाहीं. पण ज्या वाटेनें ही उडी आपल्या मुलखांत आली ती वाट पाहिली म्हणजे तो पुरता खराहि वाटत नाहीं.

उडीचा आरंभ तमाशांतून झाला. २२ ऑक्टोबर १७९७ रोजीं पॅरिस शहरांत आंद्रे-जाक गार्नेरँ नांवाच्या गृहस्थानें बलूनखालीं एक मिटलेली छत्री व तिला टोपली बांधिली, सुमारें तीन हजार फूट उंची गांठली, आणि दोर कापून टाकिला. छत्री उघडली, पण टोपली घड्याळाच्या लंबकासारखी असे भयंकर हेलकावे खाऊं लागली कीं खालीं उतरेपर्यंत तो अर्धमेला झाला. कारण साधेंच होतें. छत्रींत कोंडलेल्या हवेला बाहेर पडण्यास वाट नव्हती, म्हणून ती कधीं ह्या कडेनें तर कधीं त्या कडेनें निसटे, आणि प्रत्येक वेळीं छत्री कलंडे. पुढें माथ्यालाच एक भोंक ठेविलें, आणि हेलकावे कमी झाले. हवा अडविण्यासाठीं केलेल्या वस्तूला भोंक पाडल्यानें ती अधिक सुरक्षित व्हावी, ही गोष्ट शाळेंतल्या मुलांना सांगण्याजोगी आहे. दोनच वर्षांनीं, १७९९ सालीं, जान लाब्रोस ह्या तरुणीनेंहि अशीच उडी घेतली. तेव्हां हें काम बायकांचें नव्हे, असें म्हणण्याची सोय पहिल्या दोन वर्षांतच नाहींशी झाली होती.

आपल्याकडे ही विद्या आली ती तिकीट लावून. पर्सिव्हल स्पेन्सर नांवाचा इंग्रज बलूनवाला १८८९ च्या आरंभीं मुंबईस उतरला व पुढें कलकत्त्यास गेला. कलकत्त्यास मार्च महिन्यांत त्याची फजिती होण्याची वेळ आली. बलूनमध्यें ग्यास पुरेसा भरेना, गर्दी तर खवळूं लागली. शेवटीं छत्री व टोपली दोन्ही खालीं टाकून, नुसत्या दोरावर बसून तो वर गेला आणि दिसेनासा झाला. तो मेला अशी बातमी पसरली. तिसऱ्या दिवशीं तो सुंदरबनाच्या बाजूनें परत आला! त्याच्याच हाताखालीं बलूनचें काम शिकलेले बंगाली व्यायामपटु रामचंद्र चतर्जी यांनीं त्याच वर्षीं एकट्यानें बलून चढविला, आणि २२ मार्च १८९० रोजीं कलकत्त्याच्या टिव्होली बागेंतून वर जाऊन छत्रीनें उडी घेतली. हिंदी मनुष्याची ही पहिली उडी मानतात. दोनच वर्षांनीं त्यांचा अंत झाला. काँग्रेसचा जन्म होऊन तेव्हां पांचच वर्षें झालीं होतीं. गोऱ्यानें जें केलें तें आपल्यालाहि करतां येतें, हें दाखविण्याची ईर्षा त्या उडींत नव्हती असें कोण म्हणेल?

पण हीं सर्व मंडळी बलूनला बांधलेल्या छत्रीनें उतरत. पडतां पडतां स्वतःच्या हातानें छत्री उघडावी, हें कोणाच्या मनांतहि येत नसे. कारण मोकळा पडणारा मनुष्य वाटेंतच बेशुद्ध होतो, असा विद्वानांचाहि समज होता. २८ एप्रिल १९१९ रोजीं अमेरिकेंत लेस्ली आयर्विन यानें विमानांतून उडी टाकून, थोडा वेळ मोकळें पडून, मग दोरी ओढिली आणि तो समज मोडला. उतरतांना त्याचा घोटा मोडला, तो भाग वेगळा. आज हौसेनें उडी घेणारा प्रत्येक मनुष्य त्या एका दोरीचा ऋणी आहे.

दुसऱ्या महायुद्धांत छत्री सैन्यांत शिरली. १९४१ च्या ऑक्टोबरांत दिल्ली येथें पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. पहिल्या हिंदी छत्रीधाऱ्यांत लेफ्टनंट रंगराज हे डॉक्टर आणि हवालदार-मेजर मथुरासिंग यांचीं नांवें घेतलीं जातात. ह्या ब्रिगेडबरोबर खडकीच्या बाँबे सॅपर्सचीहि एक तुकडी होती. म्हणजे पुणें जिल्ह्याचा आणि छत्रीचा संबंध तेव्हांपासूनचा आहे. मराठ्यांची तिसरी पलटण पुढें छत्रीधारी झाली, आणि १९५२ सालीं पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली तेव्हां तीच दुसरी पॅरा, म्हणजे 'टू पॅरा (मराठा)', ह्या नांवानें तींत सामील झाली. ११ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळीं ह्या पलटणीचे सुमारें सातशें जवान लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हुकुमतीखालीं बांगलादेशांत टांगाईलजवळ उतरले आणि त्यांनीं पुंगलीचा पूल हस्तगत केला. मैमनसिंगकडून डाक्क्याकडे हटणाऱ्या शत्रूची वाट त्या पुलावर तुटली, आणि पांचव्या दिवशीं डाक्क्यांत प्रथम शिरलेल्या फौजेंत हीच पलटण होती. गनिमाच्या पिछाडीस अवचित उतरणें हा मराठ्यांचा जुनाच डाव. ह्या वेळीं घोड्यांच्या ऐवजीं छत्र्या होत्या, एवढेंच.

युद्धोत्तर काळांत युरोपांत ह्याच छत्रीचा खेळ झाला आणि १९५१ सालीं युगोस्लाव्हियांतील ब्लेड येथें त्याचे पहिले जागतिक सामने झाले. आपल्या देशांत मात्र छत्र्या, विमानें आणि शिक्षक हे सर्व सैन्याच्या हातीं, आणि शिक्षणाचें ठिकाण आग्रा. वायुदलांतील डॉक्टर गीता चंदा यांनीं १९५९ सालीं तेथेंच उडी घेतली. पण ती नोकरींतली उडी. खेळ म्हणून उडी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रीचा मान रेचल थॉमस यांचा. त्यांची पहिली उडी १९७९ सालची. २००२ सालीं त्यांनीं उत्तर ध्रुवावर उडी घेतली.

आणि मग पुण्याच्या एका मुलीची गोष्ट येते. शीतल महाजन यांचा जन्म १९८२ सालचा. घर मध्यमवर्गीय, घरांत कोणी वैमानिक नाहीं, कोणी छत्रीधारी नाहीं. मैत्रिणीचा भाऊ वायुदलांत होता, त्याच्या उड्यांच्या गोष्टी ऐकून ह्या मुलीच्या मनानें घेतलें. १८ एप्रिल २००४ रोजीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं उत्तर ध्रुवावर सुमारें २,४०० फुटांवरून रशियन हेलिकॉप्टरमधून उडी घेतली. उष्णमान शून्याखालीं ३७ अंश. ह्या विक्रमाचें वर्णन करतांना वर्तमानपत्रें थंडीवर आणि झेंड्यावर भर देतात. पण खरी थक्क करणारी बाब दुसरीच आहे. ही त्यांच्या आयुष्यांतली पहिलीच उडी होती! सरावाची एकहि उडी आधीं झालेली नव्हती. त्यांच्या धैर्याला तोड नाहीं, हें उघडच आहे. परंतु पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरीं वाढलेल्या मुलीला हौसेची पहिली उडी पृथ्वीच्या टोंकाला जाऊन घ्यावी लागते, ह्यांत तिच्या कौतुकाइतकीच आपल्या गैरसोयीचीहि नोंद आहे. नदीकांठच्या गांवांत पोहण्यास डोह नसावा आणि मुलीनें एकदम समुद्रांतच सूर मारावा, तसें हें झालें.

पुढें १५ डिसेंबर २००६ रोजीं त्यांनीं दक्षिण ध्रुवावर ११,६०० फुटांवरून उडी घेतली. ह्या खेपेस दोरी आपोआप ओढली जाणारी नव्हती. मोकळें पडून छत्री स्वतः उघडावयाची होती. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारींत थायलंडमधील पट्टाया येथें त्यांनीं नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी टाकिली. कोणाला हा निव्वळ देखावा वाटेल. पण ताशीं दोनशें किलोमीटरांच्या वाऱ्यांत नऊवारीचा एक पदर सुटला तर तो छत्रीच्या दोऱ्यांत गुरफटण्यास वेळ लागत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तें लुगडें नेसण्यांतलें कौशल्यहि उडीइतकेंच मोलाचें ठरतें. नोव्हेंबर २०२३ मध्यें त्यांनीं एव्हरेस्टच्या परिसरांत २१,५०० फुटांवरून उडी घेतली. जेथें उभें राहून श्वास घेणें कठीण, तेथें त्या वरून उतरल्या.

आतां सणसवाडीच्या एखाद्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या तरुणाला हा नाद लागला तर त्यानें काय करावें? डोक्यावर आकाश आहे, पण तें लोहगांवच्या लष्करी विमानतळाच्या शेजारचें. तेथें परवानगीवांचून कोणाला विमान फिरवितां येत नाहीं, मग उडी कोठली! खालीं मोकळें माळरान उरलेलें नाहीं; विजेच्या तारा आणि पत्र्यांचीं छपरें. जिल्ह्यांतच बारामतीला धांवपट्टी आहे, पण तिचा उपयोग विमान चालविण्याच्या शिक्षणाकडे होतो. मावळांत कामशेतला डोंगरावरून छत्रीनें तरंगण्याचा खेळ मात्र चांगला रुजला आहे, आणि तो कां रुजला हें पाहण्यासारखें आहे. तरंगणाऱ्याला डोंगर आणि वारा पुरतो. दोन्ही सह्याद्रीनें फुकट दिले आहेत. उडी घेणाऱ्याला विमान लागतें, आणि विमानाचें तेल प्रत्येक खेपेस जळतें. लोणावळ्यानजीक अँबी व्हॅलीच्या धांवपट्टीवर अशा उड्यांचीं शिबिरें भरलीं. मध्यप्रदेशांत सागरजवळ धाना, गुजराथेंत डीसा, तसेंच म्हैसूर येथेंहि भरलीं. हरयाणांत नारनौलला जावें लागतें. म्हणून मराठी हौशी माणसाच्या बाबतींत उडी आणि प्रवास हीं एकच होऊन बसलीं आहेत. एका मिनिटाच्या पडण्यासाठीं दोन दिवसांची आगगाडी!

ह्या प्रवासाची आखणी महिनेच्या महिने अगोदर करावी लागते. मृग लागल्यापासून हस्त सरेपर्यंत विषयच नाहीं. तुळशीचें लग्न झालें कीं हवा निवळते, आणि होळीपर्यंतचे दिवस चांगले. पुढें उन्हाच्या झळांनीं दुपारची हवा ढवळून निघते आणि नवशिक्याला सकाळचे दोन-तीन तासच मिळतात. रजा त्या बेतानें शिलकी ठेवावी लागते. वैद्याचा दाखला लागतो. वजनाची मर्यादा असते, म्हणून दिवाळीच्या फराळावर नजर ठेवावी लागते. पहिल्या वेळीं शिक्षकाच्या छातीशीं पट्ट्यांनीं बांधून घेऊन उडी घेतां येते. तींत शिकाऊ माणसाला फारसें करावयाचें नसतें. एकट्यानें उडी घेण्याचा परवाना हवा असेल तर अमेरिकन पॅराशूट संघटनेच्या नियमाप्रमाणें निदान पंचवीस उड्या व्हाव्या लागतात. तेवढ्यासाठीं लोक थायलंड, स्पेन किंवा अमेरिकेपर्यंत जातात, कारण तेथें विमान दिवसांतून अनेक खेपा करतें आणि पंधरवड्यांत काम आटोपतें. वर्षाकांठीं एखाद्या शिबिरावर विसंबलें तर तेवढ्या उड्यांना तप लोटेल.

उडींत घडतें तें थोडक्यांत असें. तेरा हजार फुटांवर दार उघडतें. पहिले दहा-बारा सेकंद वेग वाढत जातो; मग हवेचा अडथळा आणि देहाचा भार समान होतात, आणि वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटरांवर स्थिर राहतो. त्यानंतर पडत असल्याची जाणीवच उरत नाहीं, पोटांत गोळा येत नाहीं. वाऱ्याच्या गादीवर पालथें निजल्यासारखें वाटतें, असें उडी घेतलेले सांगतात. पांच हजार फुटांच्या सुमारास छत्री उघडावयाची. ही छत्री आतां गोल राहिलेली नाहीं. डोमिना जॅल्बर्ट यानें १९६० नंतरच्या काळांत शोधलेली, खोळीखोळींत हवा भरून पंखासारखी ताठ होणारी, चौकोनी छत्री सर्वत्र वापरतात. ती वळवितां येते, आणि शिकलेला माणूस दोन्ही पायांवर उभ्यानें उतरतो. पाठीवर दुसरी राखीव छत्री असते, आणि माणूस गोंधळला तर ठराविक उंचीवर ती आपोआप उघडणारें यंत्रहि असतें. आयर्विनचा घोटा मोडला त्या दिवसापासूनची ही मजल आहे.

तरीहि घरीं सांगणें हा सर्वांत अवघड भाग राहतो. विमान मंडळी, हवामान, पैसा ह्या सर्वांची तजवीज एकवेळ होते. आईची संमति तारेनें मागवितां येत नाहीं. पुष्कळ तरुण ती गोष्ट उडी झाल्यावरच सांगतात असें दिसतें, आणि तें बरें नव्हे. कारण शिबिरांत प्रत्येकाकडून धोक्याच्या जाणिवेचा कागद सही करून घेतात, आणि त्या कागदावर अडीअडचणीस कोणाला कळवावें ह्याचा एक रकाना असतो.

नियमानें उड्या घेणारा प्रत्येकजण एक वही ठेवतो. उडीचा क्रमांक, तारीख, ठिकाण, विमान, उंची, मोकळें पडण्याचे सेकंद आणि शेवटीं साक्षीदाराची सही. ढगांनीं आठवडा बुडाला तर पान कोरेंच परत येतें. छत्रीची घडी पुन्हा नीट घातली जाते, आणि पुढल्या तुळशीच्या लग्नाकडे डोळे लावून पैसे सांठविण्यास आरंभ होतो.